सॉल्ट लेक मंदिर : चाळीस वर्षांची उभारणी, सव्वाशे वर्षांची बंद दारे

अमेरिकेच्या युटा राज्याची राजधानी असलेल्या सॉल्ट लेक सिटीच्या मध्यभागी सहा उंच मनोऱ्यांची एक करड्या पाषाणाची वास्तू उभी आहे. शहरातील रस्त्यांचे क्रमांक याच वास्तूच्या चौकापासून मोजले जातात. 'मॉर्मन' या नावाने जगाला परिचित असलेल्या 'चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' या संप्रदायाचे हे सर्वांत प्रसिद्ध आणि क्षेत्रफळाने सर्वांत मोठे मंदिर होय. ६ एप्रिल १८५३ रोजी त्याची कोनशिला बसवण्यात आली आणि बरोबर चाळीस वर्षांनी, ६ एप्रिल १८९३ रोजी, त्याचे समर्पण झाले. एका निर्वासित समाजाचा वाळवंटातील संसार, केंद्र सरकारशी त्याचा झालेला संघर्ष, बहुपत्नीत्वाचा वाद आणि शेवटी अमेरिकेच्या मुख्य प्रवाहात त्याने केलेला प्रवेश या साऱ्या घडामोडी या चाळीस वर्षांतच घडल्या. त्यामुळे मंदिराचा इतिहास हा एका अर्थाने त्या समाजाचाच इतिहास ठरतो.

संप्रदायाचा उगम आणि स्थलांतर

जोसेफ स्मिथ याने १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात या संप्रदायाची स्थापना केली. 'बुक ऑफ मॉर्मन' हा ग्रंथ त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. देवदूताने दाखवलेल्या सुवर्णपत्रांवरून आपण या ग्रंथाचे भाषांतर केले, असे स्मिथचे म्हणणे होते. नव्या धर्ममताला अनुयायी झपाट्याने मिळाले. तेवढ्याच झपाट्याने शत्रूही निर्माण झाले. ओहायोतील कर्टलँड येथे १८३६ मध्ये संप्रदायाचे पहिले मंदिर उभे राहिले, पण ते गाव लवकरच सोडावे लागले. मिझुरी राज्यातूनही हकालपट्टी झाली. त्यानंतर इलिनॉय राज्यात मिसिसिपी नदीच्या काठी नावू हे नगर वसले. तेथे दुसऱ्या मंदिराचे काम चालू असतानाच, २७ जून १८४४ रोजी, कार्थेजच्या तुरुंगात जमावाने जोसेफ स्मिथची हत्या केली.

स्मिथनंतर बहुसंख्य अनुयायांनी ब्रिगम यंग याचे नेतृत्व मान्य केले. १८४६ च्या फेब्रुवारीत नावू सोडून पश्चिमेकडे स्थलांतर सुरू झाले. मागे राहिलेल्या मंदिराला १८४८ मध्ये आग लावण्यात आली आणि उरलेल्या भिंतींपैकी काही १८५० च्या वादळात कोसळल्या. दोन मंदिरे हातची गेलेल्या या समाजाने पुढचे मंदिर बांधताना टिकाऊपणाला इतके महत्त्व का दिले, याचे उत्तर या घटनांत सापडते.

२४ जुलै १८४७ रोजी यंग सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचला. चारच दिवसांनी त्याने दोन ओढ्यांच्या मधली जागा मंदिरासाठी निश्चित केली. त्या वेळी तिथे ना घर होते ना रस्ता. मंदिराची जागा आधी ठरली आणि तिच्याभोवती शहराची आखणी नंतर झाली. जागा निवडताना यंगच्या सोबत असलेल्यांत विल्फर्ड वुडरफ हाही होता. छेचाळीस वर्षांनी याच वुडरफच्या हस्ते मंदिराचे समर्पण व्हायचे होते.

सुतार झाला वास्तुविशारद

मंदिराच्या आराखड्याची जबाबदारी ट्रूमन ओ. एंजेल याच्यावर सोपवण्यात आली. ऱ्होड आयलंडमधील प्रॉव्हिडन्स येथे १८१० मध्ये जन्मलेला एंजेल हा व्यवसायाने सुतार. कर्टलँड आणि नावू या दोन्ही मंदिरांच्या कामावर तो राबला होता. त्याची बहीण मेरी अॅन ही ब्रिगम यंगची पत्नी. वास्तुशास्त्राचे रीतसर शिक्षण त्याने घेतलेले नव्हते. ही उणीव भरून काढण्यासाठी यंगने १८५६ मध्ये त्याला युरोपात पाठवले. तिथल्या वास्तू त्याने डोळ्यांनी पाहाव्यात, हा त्यामागचा हेतू होता.

मंदिराचे बाह्यरूप यंगच्या कल्पनेतले, तर तपशील एंजेलचा असे सामान्यतः मानले जाते. युरोपातील किल्ल्यांसारखे कंगोरे, गॉथिक पद्धतीचे टोकदार मनोरे आणि रोमनेस्क धाटणीच्या अर्धगोल कमानी यांचा मेळ या इमारतीत आढळतो. कोणत्याही एका शैलीचे नाव तिला पूर्णपणे लागू पडत नाही. दुरून पाहणाऱ्याला ती प्रार्थनास्थळापेक्षा एखादी गढी वाटते. इमारतीवर कुठेही क्रूस नाही, ही गोष्ट ख्रिस्ती प्रार्थनास्थळे पाहण्याची सवय असलेल्यांच्या चटकन लक्षात येते. या संप्रदायाच्या मंदिरांवर क्रूस उभारण्याची प्रथा नाही.

एंजेलचे १८८७ मध्ये निधन झाले. त्याच्यामागे यंगचाच पुत्र जोसेफ डॉन कार्लोस यंग याने काम हाती घेतले आणि मनोऱ्यांची व अंतर्भागाची रचना पूर्ण केली.

नांगरलेला पाया

कोनशिला बसल्यानंतर चारच वर्षांत काम थांबले. युटाचा प्रदेश तेव्हा अमेरिकेचे पूर्ण राज्य नव्हता. तिथला मॉर्मन कारभार केंद्र सरकारला जुमानत नाही, या समजुतीतून राष्ट्राध्यक्ष जेम्स ब्यूकॅनन यांनी १८५७ मध्ये त्या दिशेने सैन्य रवाना केले. पूर्वीचे अनुभव ताजे असलेल्या मॉर्मनांनी प्रतिकाराची तयारी केली. १८५८ च्या वसंतात शहरातील आणि उत्तर भागातील सुमारे तीस हजार लोक घरेदारे सोडून दक्षिणेकडे गेले. वेळ आलीच तर घरे पेटवून देण्यासाठी मोजकी माणसे तेवढी मागे थांबली.

मंदिराचा पाया शत्रूच्या नजरेस पडू नये म्हणून तो मातीने बुजवण्यात आला आणि वरून जमीन नांगरून शेतासारखी करण्यात आली. २६ जून १८५८ रोजी सैन्य निर्मनुष्य शहरातून शांतपणे पुढे निघून गेले. वाटाघाटींमुळे लढाई टळली होती.

पाया पुन्हा उघडला तेव्हा वेगळीच अडचण समोर आली. वालुकाश्मात बांधलेल्या पायाच्या काही थरांत दोष आढळले. एवढ्या प्रचंड इमारतीचा भार ते पेलतील, याची खात्री नव्हती. यंगने सदोष दगड काढून ते नव्याने बसवण्याचा आदेश दिला. संपूर्ण पाया उखडला गेला, अशी आख्यायिका पुढे रूढ झाली. प्रत्यक्षात सदोष भागच बदलण्यात आला आणि मूळ पायाचा मोठा अंश कायम राहिला. काम मात्र यामुळे आणखी लांबले.

बैलगाडी, कालवा, रेल्वे

भिंतींसाठी शहराच्या आग्नेयेस सुमारे ३२ किलोमीटरवर असलेल्या लिटल कॉटनवुड खोऱ्यातील पाषाण निवडण्यात आला. बोलीभाषेत त्याला ग्रॅनाइट म्हणत असले, तरी भूशास्त्राच्या दृष्टीने तो क्वार्ट्झ मोन्झोनाइट होय. डोंगराचा कडा फोडण्याची गरज पडली नाही. खोऱ्यात गडगडत येऊन पडलेले अजस्र धोंडेच पाथरवटांनी फोडले. हाताने ओळीत भोके पाडायची, त्यांत पाचरी ठोकायच्या आणि धोंडा चिरायचा, अशी ही पद्धत होती.

एकेका चिऱ्याचे वजन टनाच्या पुढे असे. मोठे दगड मजबूत गाड्यांवर लादून बैलांच्या अनेक जोड्यांनी ओढत आणावे लागत आणि एका खेपेला तीन-चार दिवस लागत. दगड पाण्यातून वाहून आणण्यासाठी कालवा खणण्याचाही प्रयत्न झाला, पण तो सोडून द्यावा लागला.

१८६८-६९ मध्ये अमेरिका खंडाला जोडणारी रेल्वे युटातून जाऊ लागली, तेव्हा मंदिराचे कामगार त्या कामावर गेले. साहजिकच बांधकाम मंदावले. नंतर मात्र हीच रेल्वे मंदिराच्या कामी आली. १८७३ पर्यंत रुळांची शाखा खोऱ्याच्या तोंडापर्यंत पोहोचली आणि ज्या अंतराला बैलांना दिवस लागत, ते काही तासांचे झाले.

मजुरीचा प्रश्न दशमांशाच्या प्रथेने सोडवला. प्रत्येक अनुयायाने आपल्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा धर्मकार्याला द्यावा, असा संप्रदायाचा नियम आहे. रोख पैसा दुर्मिळ असलेल्या त्या काळात लोक धान्य, लोणी, अंडी, गुरे अशा रूपाने हा हिस्सा देत. ज्यांच्याकडे तेही नसे ते दहा दिवसांतील एक दिवस मंदिरावर राबत. ब्रिटन आणि स्कँडिनेव्हियातून धर्मांतर करून आलेल्या गवंडी, पाथरवट व सुतारांचा या कामात मोठा वाटा होता. एकूण खर्चाचा आकडा सामान्यतः ३५ लाख डॉलरच्या आसपास सांगितला जातो. पण ज्या कामात मजुरीचा मोबदला बहुतांशी धान्याच्या पोत्यांत मिळत होता, त्याचा हिशेब डॉलरमध्ये करण्याला मर्यादा आहेत.

२९ ऑगस्ट १८७७ रोजी ब्रिगम यंगचे निधन झाले, तेव्हा भिंती जमिनीपासून जेमतेम वीस फूट वर आल्या होत्या. त्याच वर्षी युटाच्या दक्षिणेतील सेंट जॉर्ज येथील मंदिर पूर्ण झाले होते. पुढे लोगन (१८८४) आणि मँटाय (१८८८) येथील मंदिरेही सॉल्ट लेकच्या आधी उभी राहिली. युटात सर्वांत आधी सुरू झालेले मंदिर अशा रीतीने पूर्णत्वाच्या क्रमात चौथे ठरले.

दगडांत कोरलेले आकाश

मंदिराची लांबी सुमारे १८६ फूट आणि मनोऱ्यांसह रुंदी सुमारे ११८ फूट आहे. पूर्वेकडील मधला मनोरा २१० फूट उंच आहे. भिंती तळाशी नऊ फूट जाड असून वर त्या सहा फुटांपर्यंत निमुळत्या होतात. पूर्वेचे तीन मनोरे पश्चिमेच्या तीन मनोऱ्यांपेक्षा उंच ठेवलेले आहेत. संप्रदायात पौरोहित्याच्या दोन श्रेणी मानल्या जातात. पूर्वेचे मनोरे त्यांतील वरिष्ठ श्रेणीचे, तर पश्चिमेचे कनिष्ठ श्रेणीचे प्रतीक होत.

बाह्य भिंतींवरील कोरीवकाम हा या वास्तूचा सर्वांत वेधक भाग म्हणावा लागेल. भिंतींना आधार देणाऱ्या स्तंभांच्या तळाशी पृथ्वीचे, मध्यावर चंद्राचे आणि माथ्याजवळ सूर्याचे चिन्ह कोरलेले आहे. चंद्राच्या शिळांवर त्याच्या वेगवेगळ्या कला दाखवल्या आहेत. ताऱ्यांच्या व ढगांच्या शिळाही आहेत. पश्चिमेच्या मधल्या मनोऱ्यावर सप्तर्षींचे सात तारे कोरलेले असून त्यांच्या आधाराने ध्रुवतारा शोधता येतो. वाट चुकलेल्याला धर्ममार्गाने दिशा सापडते, असा त्याचा अर्थ सांगितला जातो. याशिवाय हस्तांदोलन करणारे हात, सर्वसाक्षी नेत्र आणि दरवाजांच्या मुठींवर मधमाश्यांचे पोळे ही चिन्हे आहेत. पोळे हे उद्यमशीलतेचे प्रतीक असून युटाच्या राज्यचिन्हातही त्याला स्थान आहे.

सर्वांत उंच मनोऱ्याच्या माथ्यावर तुतारी फुंकणाऱ्या मोरोनाय या देवदूताची साडेबारा फूट उंचीची प्रतिमा आहे. तांब्याचा पत्रा ठोकून घडवलेल्या या प्रतिमेवर सोन्याचा वर्ख चढवलेला आहे. ती घडवणारा शिल्पकार सायरस डॅलिन हा युटातच जन्मला होता, पण या संप्रदायाचा अनुयायी नव्हता. ६ एप्रिल १८९२ रोजी विजेच्या साहाय्याने कळसाचा दगड बसवण्यात आला आणि त्याच दिवशी ही प्रतिमाही विराजमान झाली. कळसाच्या त्या गोलाकार दगडात पुस्तके, छायाचित्रे, नाणी असा ऐवज पुढील पिढ्यांसाठी ठेवण्यात आला. आतील सजावट उरलेल्या वर्षभरात पूर्ण करण्याचा निर्धार तिथेच जाहीर झाला आणि तो पाळला गेला.

मंदिरासाठी सोडलेली प्रथा

कळस चढण्यापूर्वीची काही वर्षे मंदिराच्या दृष्टीने सर्वांत कसोटीची होती. या संप्रदायात बहुपत्नीत्वाला धर्माचे अधिष्ठान होते. १८८७ मध्ये अमेरिकी काँग्रेसने एडमंड्स-टकर कायदा संमत केला. त्याने चर्चची कायदेशीर संस्था विसर्जित केली आणि तिची मालमत्ता जप्त करण्याचा मार्ग मोकळा झाला. अनेक पुरुष तुरुंगात गेले, काही भूमिगत झाले. मंदिरेही हातची जाण्याची शक्यता समोर दिसू लागली.

सप्टेंबर १८९० मध्ये चर्चचे तत्कालीन अध्यक्ष विल्फर्ड वुडरफ यांनी नव्या बहुपत्नी विवाहांना आपली मान्यता नसल्याचे जाहीरनाम्याद्वारे घोषित केले. पुढच्या वर्षी अनुयायांसमोर बोलताना त्यांनी या निर्णयामागचे एक कारण स्पष्ट केले : प्रथा चालू ठेवली असती, तर मंदिरे आणि त्यांतील विधी दोन्ही गमवावे लागले असते. म्हणजे मंदिर वाचवण्यासाठी त्या समाजाने एका मूलभूत आचाराचा त्याग केला. १८९६ मध्ये युटाला राज्याचा दर्जा मिळाला. जाहीरनाम्यानंतरही बहुपत्नीत्व सोडण्यास नकार देणारे गट फुटून निघाले आणि त्यांचे वंशज आजही आहेत. मुख्य चर्च मात्र अशा विवाहांबद्दल सदस्यत्व काढून घेते.

आत काय चालते

मंदिरात साप्ताहिक प्रार्थना होत नाही. त्यासाठी गावोगावी साधी सभागृहे असतात. रविवारी तर मंदिरे बंदच असतात. मंदिर हे विशेष विधींचे स्थान होय. दीक्षाविधी, पती-पत्नीला मृत्यूपलीकडेही बांधून ठेवणारा विवाहविधी आणि दिवंगत पूर्वजांच्या वतीने घेतला जाणारा बाप्तिस्मा हे त्यांतले प्रमुख. बाप्तिस्म्याचे कुंड बारा बैलांच्या प्रतिमांच्या पाठीवर आधारलेले असून, बायबलमधील शलमोन राजाच्या मंदिराच्या वर्णनावरून ही कल्पना घेतलेली आहे.

दीक्षाविधीसाठी सृष्टीची उत्पत्ती, एदेन बाग, मर्त्य जग अशा क्रमाने सजवलेली दालने होती. त्यांच्या भिंती रंगवता याव्यात, यासाठी चर्चने १८९० मध्ये जॉन हॅफेन, लॉरस प्रॅट आदी तरुण चित्रकारांना स्वखर्चाने पॅरिसला शिकायला पाठवले होते. धर्मप्रसारकांना परदेशी पाठवण्याची परंपरा असलेल्या या चर्चने त्यांना 'कला-मिशनरी' म्हणून रवाना केले. वरच्या मजल्यावर १२० फूट लांब व ८० फूट रुंद असे भव्य सभागृह आहे.

समर्पणाच्या आदल्या दिवशी इतर धर्मीय निमंत्रितांना मंदिर दाखवण्यात आले. त्यानंतर दार फक्त पात्रतेचा दाखला असलेल्या अनुयायांसाठीच उघडे राहिले. १९११ मध्ये एका इसमाने चोरून आतील छायाचित्रे घेतली आणि ती चर्चलाच विकण्याचा प्रयत्न केला. चर्चने सौदा नाकारला व स्वतःच आतील छायाचित्रांसह जेम्स टॅल्मेज यांचे पुस्तक १९१२ मध्ये प्रसिद्ध केले.

हे दार सर्व अनुयायांनाही सारखे उघडे नव्हते. आफ्रिकी वंशाच्या सदस्यांना पौरोहित्य आणि मंदिरातील प्रमुख विधी यांपासून शतकाहून अधिक काळ दूर ठेवण्यात आले. जून १९७८ मध्ये अध्यक्ष स्पेन्सर किंबल यांनी हा निर्बंध उठवला. याच मंदिरात सहकाऱ्यांसह केलेल्या प्रार्थनेनंतर हा निर्णय झाल्याचे चर्च सांगते.

पूर्वजांच्या नावे विधी करायचे, तर पूर्वजांची नावे हवीत. या गरजेतून १८९४ मध्ये युटात वंशावळ संस्था स्थापन झाली. तिने जगभरच्या नोंदींचे सूक्ष्मपट तयार केले आणि ते जपण्यासाठी लिटल कॉटनवुड खोऱ्यातच डोंगर पोखरून कोठार बांधले. ज्या खोऱ्याने मंदिराला दगड दिला, तेच आता नावांचे भांडार झाले आहे. तीर्थक्षेत्री गेल्यावर उपाध्यायाच्या वहीत आजोबा-पणजोबांचे नाव शोधणाऱ्या मराठी माणसाला हे वेड अनोळखी वाटणार नाही. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचे सूक्ष्मपटही या संस्थेने घेतले आहेत.

महाराष्ट्राशी या संप्रदायाचा संबंध मंदिराच्या पायाइतकाच जुना आहे. १८५२ मध्ये ह्यू फिंडले हा स्कॉटिश धर्मप्रसारक मुंबईत उतरला आणि पुढे पुण्यात त्याने एक छोटी शाखा स्थापन केली. मराठ्यांना उद्देशून त्याने पुस्तिकाही काढली. ती शाखा मात्र टिकली नाही. भारतातील पहिले मंदिर बेंगळुरूला बांधण्याची घोषणा २०१८ मध्ये झाली आणि डिसेंबर २०२० मध्ये तिथे भूमिपूजन झाले.

भूकंप आणि पुनर्बांधणी

सॉल्ट लेकचे खोरे भूकंपप्रवण आहे. केवळ वजनाच्या बळावर उभी असलेली दगडी इमारत मोठ्या हादऱ्यात टिकणार नाही, हे ओळखून २९ डिसेंबर २०१९ पासून मंदिर बंद करण्यात आले आणि बळकटीकरण सुरू झाले. काम नुकतेच सुरू झाले असताना, १८ मार्च २०२० रोजी, ५.७ तीव्रतेचा भूकंप झाला. देवदूताच्या हातातील तुतारी निखळून पडली आणि मनोऱ्यांवरील काही दगड सरकले. त्यानंतर प्रतिमा खाली उतरवण्यात आली. एप्रिल २०२४ मध्ये ती पुन्हा जागेवर बसली.

या कामाचा गाभा पायाखाली आहे. जुन्या पायाखालून आडवे पोलादी नळ घालून काँक्रीटचा नवा आधार तयार करण्यात आला आणि इमारतीखाली ९८ भूकंपरोधक बैठका बसवण्यात आल्या. जमीन हलली तरी हादऱ्याचा मोठा भाग या बैठका शोषून घेतात. भिंती आणि मनोऱ्यांतून वरपासून खालपर्यंत छिद्रे पाडून ताणलेल्या पोलादी सळ्याही घातल्या आहेत.

या कामाने वादही ओढवून घेतला. दीक्षाविधी पूर्वी प्रत्यक्ष माणसे अभिनयाने सादर करीत आणि भाविक एका दालनातून दुसऱ्यात जात. ही पद्धत बंद करून चित्रफितीचा वापर करण्याचे आणि त्यासाठी एकोणिसाव्या शतकातील भित्तिचित्रे काढून टाकण्याचे चर्चने २०२१ मध्ये जाहीर केले. इतिहासाच्या अभ्यासकांनी आणि अनेक अनुयायांनी हळहळ व्यक्त केली. मँटाय येथील मंदिराबाबत चर्चने निर्णय फिरवला आणि तिथली मिनर्व्हा टायकर्ट यांची चित्रे वाचली. सॉल्ट लेकच्या चित्रांच्या वाट्याला ते भाग्य आले नाही. भिंती आणखी काही शतके टिकाव्यात म्हणून हाती घेतलेल्या कामात भिंतींवरची चित्रे गेली.

चर्चने जाहीर केल्यानुसार, पुनर्समर्पणापूर्वी एप्रिल ते ऑक्टोबर २०२७ या काळात मंदिर सर्वांना आतून पाहता येईल. १८९३ मधील त्या एका दिवसानंतर इतर धर्मीयांना ही पहिलीच संधी मिळत आहे. ही मुदत संपून समर्पण झाले, की दारे पूर्वीप्रमाणे केवळ दाखलाधारक अनुयायांसाठीच उघडतील.